तीन नंबरच्या मशीनखालचे साहेब

सामरवरणी, सिल्वासा
दि. ४ जून

रा. रा. जयवंतभाऊ यांस नवनाथ फिटरचा रामराम.

(कारखान्यात तुम्ही साहेब होतात, पण पत्रात साहेब लिहिलं की रजेचा अर्ज लिहितोय असं वाटतं, म्हणून भाऊ.) इकडे सगळे ठीक. प्रमिलाचा गुडघा दुखतो, पण बोलणं थांबलेलं नाही. रजनीवहिनींना तिकडची थंडी मानवली का?

तुमच्या वकिलाचा कागद पोचला. आमच्या केतकीने (धाकटी, आता कॉलेजात आहे) मराठी करून वाचून दाखवला. तुम्हाला अमेरिकेत कायमचं राहायचं तर इथल्या धाग्याच्या कारखान्यात तुम्ही खरोखर मॅनेजर होतात, हे हाताखालच्या माणसाने शपथेवर सांगायचं. इथवर ठीक. पण पुढे विचारलंय, साहेब स्वतःच्या हाताने काम करत नव्हते ना? भाऊ, मला घाम फुटला. झाडू मारणारी बायडाबाई नेमकी शेजारी बसली होती. म्हणाली, "साहेबना हात कव्हय साफ व्हतात रे?" तिला चहा पाजून लगेच घरी पाठवलं.

पुराव्याला फोटो हवा म्हणे. एकच सापडला, दसऱ्याच्या मशीनपूजेचा. आम्ही अकरा जण नवे कपडे घालून ताठ उभे, आणि तुम्ही तीन नंबरच्या मशीनखाली. पूजेआधी तेवढा आवाज बघतो म्हणून आत शिरलात आणि नारळ तुमच्याविना फुटला. दिसतात ते फक्त पाय, त्यातही एकात चप्पल नाही (ती तेव्हा सापडलीच नाही). पाय तुमचेच, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, पण वकिलाला चेहरा लागतो.

मग केतकीने चौकटींचा तक्ता काढला. वरच्या चौकटीत तुम्ही, खाली आम्ही. बघून मलाच कसंतरी झालं. नऊ वर्षं मी पाने-पकडी पुढे करत गेलो आणि तुम्ही रॉकेलने हात धुऊन माझ्याच डब्यातली कळण्याची भाकरी खात गेलात. त्या दिवसांची फार आठवण येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

शेवटी आखाजी आठवली, आमची अक्षय्य तृतीया. शेठ नको नको म्हणत असताना तुम्ही आम्हा अकराही खान्देशींना एकदम तीन दिवस रजा दिलीत. एवढा अधिकार मॅनेजरशिवाय कुणाला असतो? तेच लिहून सही ठोकली. (आम्ही गावी आमरस-पुरणपोळी झोडत होतो तेव्हा मशीन कोण चालवत होतं, हे वकिलाने विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.)

वहिनींना नमस्कार, पोरांना तिकडच्या थंडीला पुरेल एवढा आशीर्वाद.

आपला (आता कागदोपत्रीही हाताखालचा)
नवनाथ

ता. क. तीन नंबर पुन्हा तसाच आवाज करतंय. नवे साहेब खरेखुरे मॅनेजर आहेत, कशाला हात लावत नाहीत, नुसता अहवाल मागतात. आता ते मशीन भंगारात काढणार म्हणतात. येत्या सोमवारी व्हिडिओ कॉल करा, मी फोन मशीनला लावून धरतो. तुम्ही फक्त ऐकून सांगा, हात मी लावीन. वकिलाच्या मते मॅनेजरचं काम ते हेच.

ता. क. दुसरा. तुमचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून गणपतीला नारळ बोललोय, अगदी मनापासून. पण नाहीच झाला, तर फोटोतल्या पायाची ती चप्पल परवा मशीनमागे सापडली. पुसून ठेवली आहे.