तिसरा हुक

मंगळवार, ११ मार्च

प्रिय टाचणी,

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी एका पांढऱ्या कोटाची बाही उसवत होतो. कोट दवाखान्यातल्या नर्सबाईंचा. त्या समोर स्टुलावर बसून होत्या. त्यांनी जे विचारलं, त्यानंतर दिवसभरात माझ्या हातून एक टाका धड पडलेला नाही.

पत्र पाठवू नकोस, असं तुझ्या दादाने बजावलं होतं. हे एवढं एकच वाच. आपलं गाठोडं आता रांगत असेल. तू त्याला घेऊन माहेरी गेलीस तेव्हा ते पाच महिने चार दिवसांचं होतं आणि बसवलं की डावीकडे कलंडायचं. अजूनही डावीकडेच का?

तर नर्सबाई बसल्याच आहेत म्हणून मी त्यांना तुझ्या कमरेच्या पट्ट्याचा कागदी नमुना दाखवला. असे पट्टे शिवून बाळंतिणींना विकावेत असं डोक्यात होतं. थोडी बढाईच मारली. दुहेरी कापड, आत मऊ अस्तर, दोन हुक, आणि सैल होतो म्हणून तू परत आणलास तेव्हा लावलेला तिसरा. त्यांनी विचारलं, तिला कशाला लागायचा हा? मी म्हणालो, कमरेसाठी. त्या म्हणाल्या, कंबर दुखते म्हणाली, का खाली जड वाटतं म्हणाली? नीट आठव.

मला नीट आठवलं. तू दुकानाच्या दारात उभी होतीस आणि म्हणालीस, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, संध्याकाळी जास्त. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या न काढताच मी म्हणालो, बाळंतपणानंतर व्हायचंच, आईला विचार. आणि आई आतून म्हणाली, आम्ही तीन-तीन काढली, पण अशा कमरेवर हात ठेवून नाही मिरवलो. तू हसलीस आणि पाण्याची बादली घेऊन दोन जिने चढलीस. त्यानंतर तू त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाहीस. फक्त पट्टा शिवून मागितलास, आणि मी शिवून दिला.

नर्सबाईंनी कोपऱ्यातली चिंध्यांची पिशवी उचलली. तळाची शिवण सुटलेली ती, आठवते? त्यांनी ती मधोमध दोन्ही हातांनी आवळली आणि खालून चिंध्या बाहेर आल्या. म्हणाल्या, बघ शिंपीदादा, वरून करकचून बांधलं की कुठे जातं ते. गर्भाशय खाली सरकतं. शब्द चुकू नये म्हणून त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला, तसाच उतरवला आहे. बायका याला अंग बाहेर येणं म्हणतात, म्हणाल्या, म्हणजे म्हणतच नाहीत, तिथेच तर सगळं अडतं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. शिंक आली की तू मांड्या आवळून उभी राहायचीस. मोरीत पंधरा-पंधरा मिनिटं लावायचीस. खुर्चीच्या कडेला टेकायचीस, तर मी तुला महाराणी म्हणायचो. मी जवळ आलो की भिंतीकडे वळायचीस. त्यावरून मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. तुझं मन दुसरीकडे आहे, इतकं घाण मी बोललो. आणि तू गप्प ऐकलंस, कारण खरं कारण सांगायची तुला माझ्यापुढे जास्त लाज वाटली. कोणाचंही माप पाव इंचाने चुकत नाही म्हणून लोक मला नावाजतात. घरातल्या माणसाला काय होतंय, ते मी विचारलंसुद्धा नाही.

जेवताना आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस ऐकायला मिळणार. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, मला तुझ्या वेळेपासून आहे. तेवीस वर्षं. फडकं बांधून काढली. माझ्या सासूने मला जे ऐकवलं, तेच मी त्या पोरीला ऐकवलं. एवढं बोलून ती उठली. ताट तसंच राहिलं.

दुपारी दुकान बंद करून दवाखान्यात गेलो. बायकांच्या रांगेत मी एकटाच पुरुष. मागची बाई म्हणाली, दादा, कितवा महिना? सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि तिथेच रडू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण अशा बायका रोज येतात. कुणाला व्यायामानेच बरं वाटतं, कुणाला आत आधाराची रिंग बसवतात, थोड्याजणींनाच ऑपरेशन लागतं. तोवर जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही. लघवी अडली किंवा रक्त गेलं, तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं.

गुरुवार, वीस तारीख, सकाळी दहा. तुझं आणि आईचं, दोघींचं नाव लिहून आलो आहे. आई तुझ्याशेजारी बसेल, तसं तिनेच सांगितलंय. मी फाटकाबाहेर गाठोड्याला घेऊन थांबेन. तोंड बघायचं नसेल, तर त्याला तुझ्या वहिनीकडे ठेवून ये, मी फाटकाशीही येणार नाही. तिकडच्याच डॉक्टरला दाखवलंस तरी चालेल, पण दाखव. परत नांदायला ये म्हणून हे लिहीत नाही. तो हक्क मी स्वतःच्या तोंडाने घालवला. जाताना तू माझ्या हातची एकच वस्तू नेलीस. तीन महिने मी त्यावर जगलो, की बाईने निदान माझा पट्टा तरी कमरेला ठेवलाय. टाचणे, तो काढ. हे वाचतेस तिथेच, आधी तिसरा हुक, मग बाकीचे दोन. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझाच, तू म्हणशील तेवढा लांब उभा,
शिंपी