दोन गावांचा करपा

अप्पा, आज मी सही केली नाही. सगळ्या डेल्टासाठी भाताचं एकच वाण सुचवणारा कागद साहेबांनी पुढे सरकवला आणि मी पेनाला टोपण लावलं. "कावेरी एक, करपा एक," ते तमिळमध्ये म्हणाले. भाषा त्यांची, सूर अगदी तुमचा.

मेलकावेरीच्या आपल्या स्वयंपाकघरात, शाळेतून आलेली मी, नाचियार्कोविलच्या शेतातलं एक पान तुमच्या ताटाशेजारी ठेवते. म्हणते, हे डाग सुंदरपेरुमाळ कोयिलच्या डागांसारखे नाहीत. शेतीखात्यात जन्म घालवलेले तुम्ही घास हातात धरून ओरडता, "अस्का करपा एकच, पोरी! सगळा एकच! ताटाजवळ ते नक्को." आई हसते. तेव्हा मला आलेला राग अजून तसाच आहे, अप्पा, आणि मला तो सोडायचाही नाही. कारण माझं खरं होतं. यंदा दोन्ही गावांतली रोगट पानं मी प्रयोगशाळेत आणली आणि त्यांवरची बुरशी एकाच वाणाच्या रोपांवर वेगवेगळी सोडली. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या बुरशीने बारीक तपकिरी ठिपके पाडले, बस्स. नाचियार्कोविलच्या बुरशीने रोपं पार जाळून टाकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहेबांचं लाडकं वाण हेच, आणि ते नाचियार्कोविलला वाटलं तर तिथली उभी शेतं करपतील. आज हे सांगितलं, तर "मग बदलीची तयारी ठेवा," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "खुशाल करा. जिथे पाठवाल तिथला करपा तपासेन."

तुम्ही होतात तोवर तुम्हाला एक विचारायचं राहूनच गेलं. दोन्ही गावांत करपा पडलेला असायचा, तरी एका गावाहून दुसऱ्या गावाला निघताना तुम्ही वाटेतल्या पाण्याच्या पाटावर थांबायचात. चपला धुवायचात, सायकलची चाकं धुवायचात, मला मागून उतरवून माझेही पाय धुवायला लावायचात. "इथलं तिकडे नक्को," एवढंच म्हणायचात. सगळं एकच होतं, तर धूत काय होतात? ठाऊक होतं तुम्हाला! ताटावर एक बोललात, पाटावर दुसरं. मी पाटावरचं धरून बसले आहे, आणि ते आता कुणाच्या बापासाठी सोडणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. साहेबांच्या खोलीतून बाहेर आले. घरी निघण्याआधी ऑफिसच्या नळावर मी पाय चपलांसकट धुतले.