हिरवी वायर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोखंडी कपाट असो की फ्रिज, मी आधी हाताची मागची बाजूच टेकवून बघते; करंट असला तर तळहात चिकटून बसतो. घरात सगळे मला भित्री म्हणतात. आहेच मी भित्री. फक्त मला करंटपेक्षा तुमच्या एका प्रश्नाची भीती जास्त वाटते.

उल्हासनगरच्या आपल्या शेडमध्ये ती डोळे तपासायची गाडी वायरिंगला आली, तेव्हा मी नुकतीच अंबरनाथच्या आयटीआयमधून बाहेर पडले होते. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायचात, "पोरगी माझ्यापेक्षा सफाईनं काम करते." गाडीत तुम्ही एकच दांड्याचा स्विच बसवलात. वर जनरेटर, खाली बाहेरची लाईन, मध्ये बंद. "या दोघी सवती. एका वेळी एकीलाच घरात घ्यायचं, नाहीतर घर जाळतील." आणि गाडी उभी रबराच्या टायरवर, म्हणून तिच्या पत्र्याला हिरवी वायर, दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. पत्र्यात करंट उतरलाच तर तो हिरवीतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ते बांधल्याशिवाय बाहेरची लाईन घ्यायची नाही, हा तुमचा नियम.

गाडीबरोबर आपण दोघं सोनिवली गावात गेलो, ते भातलावणीचे दिवस. जनरेटर बंद पडला, म्हणून एका घराच्या ओटीवरून गाडीपर्यंत लाईन ओढली. बायका चिखलाच्या पायांनी रांगेत उभ्या. गाडीचा शेठ ओरडतोय, "अरे जल्दी करो, डॉक्टर को जाना है!" मी सळई ठोकली, पण तिच्यावरचा हिरवी आवळायचा नट गंजलेला, फिरेना. मागून बांधू, म्हटलं. आतून तुम्ही विचारलंत, "हिरवी बांधलीस?"

"हो, बाबा."

तुम्ही दांडा खाली केलात. पहिली म्हातारी चढायला दाराची कडी धरते आणि तिथेच थरथरत राहते. हात सुटत नाही, तोंडातून आवाज नाही. तुम्ही दांडा मध्ये ओढलात, तशी ती चिखलात पडली. मेली ही, मी मारली, एवढंच माझ्या डोक्यात. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "पोरी, गारी चावली गो मना." सगळे तिच्याभोवती गोळा झालेले असताना मी पक्कड घेऊन नट आवळला. तेव्हा बरा फिरला मेला!

तुम्ही येऊन पाहिलंत, हिरवी घट्ट बांधलेली. मग गाडीचं वायरिंग उघडलंत. दाराच्या पत्र्याला घासून सोललेली वायर सापडली, ती तुमच्या हातची. गावासमोर तुम्ही कान धरलेत. पण हिरवी असताना फ्यूज का नाही उडाला, हे काही तुम्हाला उमगेना. "हाताचा भरवसा राहिला नाही," म्हणालात आणि गाड्यांचं काम सोडलंत. बदलापूरच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारपणातही, छताकडे बघत तेच विचारलंत, "फ्यूज का गं नाही उडाला?" मी तुमची उशी सरळ करत राहिले.

हा कागद मी कपाटात, तुमच्या टेस्टरखाली ठेवणार आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले, बाबा. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.