घेतलं तर जायचंच

बाबा,

“मागं बघशील तर आपटशील गं!” गोठलेल्या तळ्यावर मला स्केटिंग शिकवताना तू ओरडायचास, ते आज सकाळपासून कानात घुमतंय.

बर्फ उपसायची गाडी लावून तू घरी येशील, तेव्हा मी बेकरीत कामावर असेन. शेगडीवर वाटाण्याचं सूप आहे, ते गरम करून घे. उभ्यानं खाऊ नकोस. आई गेली, खुर्च्या नाही गेल्या.

त्या लांबच्या कॉलेजचं उत्तर काल आलं. त्यांनी मला घेतलंय.

“लवकर अर्ज, म्हणजे नकारही लवकर. सुटलीस!” असं हसत म्हणून तू अर्जासोबतच्या करारावर सही केलीस, खालचं न वाचताच. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागं घेऊन तिथंच जायचं, असं त्यात होतं. पैसे पुरत नसतील तरच सुटका. पण आपली मिळकत बघून त्यांनी जवळजवळ सगळा खर्च माफ केलाय, तेव्हा तीही वाट बंद झाली.

तोंडावर सांगवेना, म्हणून लिहितेय. मी मुद्दामच स्वतःला बांधून घेतलं, बाबा. नाही म्हणायची मोकळीक असती, तर तुला एकटं टाकून माझं पाऊल निघालंच नसतं.

लिनिया