राख पडेपर्यंत गप्प

सोमवार, १ फेब्रुवारी १९९९
रिपोर्ट आला. बाबूच्या घशातली गाठ कॅन्सरचीच. दुजोरा ओतूरच्या डॉक्टरांचा. फोनवर नको म्हणाले, दवाखान्यात बोलावून समोर बसवून सांगितलं.

कागद इंग्रजीत, म्हणून त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, तो वाचायला माझ्याकडे आणला होता. वाचला होता, कळलाही होता, तरी विचारायला गेलो. इतकी वर्षं पुण्याच्या पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवतोय. एका कागदावर बातमी द्यायची नाही ही सवय. आज वाटलं, न विचारता परत आलो असतो तर रात्रभराची तरी सवड मिळाली असती.

वहिनी ओट्यावर उभ्याच होत्या.
"काय हाय त्यात?"
"पुण्याला दाखवावं लागेल."
"त्ये मला बी कळतंय, भाऊजी. हाय काय त्ये सांगा."
सांगितलं. कागदाची घडी घातली त्यांनी. वाकडी पडली, म्हणून उलगडून परत घातली. बाबूला कोण सांगणार, विचारलं. म्हणाल्या, त्याला डिसेंबरपासनंच ठाव हाय.

मंगळवार, २ फेब्रु.
कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनाची बातमी पाठवली. दोन ठिकाणी गावाचं नाव चुकलं. डेस्कवरून फोन, "तुमच्याकडून असं होत नाही." होतंय.

जानेवारीतला तिसरा शनिवार डोक्यातून जात नाही. आम्हा चौघांचा शनिवारचा नियम: पहिला चिरूट काडीवर पेटवायचा, बाकीचे तीन त्याच्यावरून, आणि राख पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. ज्याची राख आधी पडेल त्याने चहा करायचा. अकरा वर्षं चहा बाबूच करतोय. कांद्याचे लिलाव पुकारणारा माणूस, त्याला गप्प बसवत नाही. तोंड उघडलं की राख मांडीवर. "आज बी मीच का? सुभेदार, तुमच्या चिरटाला डिंक लावता व्हय?"

त्या शनिवारी तो जिंकला. सुभेदारांची पडली, गायकवाड सरांची पडली, माझी पडली. बाबूची बोटभर, तशीच. आम्ही टाळ्या वाजवल्या. बोलताना दुखत होतं म्हणून तो बोलला नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शनिवार, ६ फेब्रु.
आज वाईट झालं.

सकाळीच तिघांनी ठरवलं होतं, बाबूसमोर पेटवायचं नाही. आजच नाही, यापुढे कधीच नाही. दुपारी सुभेदारांच्या कांदा साठवायच्या बराखीमागे नेहमीच्या सावलीत चार खुर्च्या. बाबू आला, बसला, मधल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.
"बंडल कुठंय?" आवाज म्हणजे नुसती खरखर.
"संपलं," सुभेदार.
"लष्करात खोटं बोलाय शिकवीत न्हाईत वाटतं. जमंना तुमाला."
मग सर बोलले. शाळेत तीस वर्षं मुलांना समजावलंय, तोच सूर. "बाबू, आम्ही सोडलं. तिघांनीही. तुझ्यासाठी."
बाबू खुर्चीत पुढे सरकला.
"सर, मी हाय अजून. घरात मानूस गेल्यावर चूल पेटवत न्हाईत. तुमी आत्तापास्नं सुतक पाळताय व्हय माझं?"

आम्ही चांगलं काहीतरी करतोय अशा समजुतीत होतो. तो उठून गेला. चहा झालाच नाही. सुभेदारांनी चारही खुर्च्या आत नेऊन ठेवल्या, एरवी बाहेरच असतात.

गुरुवार, ११ फेब्रु.
पुणे. बाबू, वहिनी, मी. सकाळची एस.टी.

डॉक्टर तरुण, बोलायला सरळ. कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेला पाडलेल्या भोकातून. आवाज जाईल, पूर्ण. पण माणूस राहायची शक्यता चांगली.
वहिनींनी विचारलं, मशिनीचा शेक देऊन भागणार न्हाई का?
"दोन-तीन महिने आधी आला असतात तर बघितलं असतं."
सोमवारी २२ ला दाखल व्हायचं. ही तारीख चुकवली तर पुढचं आपण सांगू शकत नाही, म्हणाले.

बाहेर पडताना मी एकटा परत आत गेलो. विचारलं, चिरूट? म्हणाले, चिरूट, तंबाखू, नशीब, आता कुठल्या एकाचं नाव घेणार? दयाळू माणूस. पण पहिलं बंडल मी आणलं होतं. दक्षिणेच्या सहलीहून, मित्रांना गंमत म्हणून. तोवर बाबू शेतावर तंबाखू मळायचा तेवढंच. चिरूट हातात फिरवून म्हणाला होता, "ह्याला घाई चालत न्हाई, आपल्याला येळ काढाय बरं हाय." पुढे सुभेदारांचा पलटणीतला दोस्त तिकडून पार्सल पाठवू लागला, आणि शनिवार ठरून गेला. आमच्यातला कोणीही शनिवार चुकवत नसे. मी तर...

परतीच्या एस.टी.त खेडपर्यंत बाबू खिडकीबाहेर बघत होता. मंचरला वहिनींना झोप लागली. नारायणगाव आलं तेव्हा म्हणाला, "जाताना मानूस, येताना मुका. बरोबर ना?"
मी म्हटलं, येशील तर खरा.
"तू लिवनारा. तुझं भागंल. मला सही कराय चार मिनटं लागत्यात."

शनिवार, १३ फेब्रु.
खुर्च्या परत बाहेर. सुभेदारांनी स्वतः जाऊन बाबूला आणलं. सरांनी पाटी आणि खडूचा डबा आणला होता. पुढे लागेल, आत्तापासून हात बसवू, असं त्यांचं म्हणणं.
बाबूने पाटी उलटसुलट करून पाहिली. "ही चौथीत शाळंला परत दिली व्हती मी. सर, तुमी बी लई चिकट."
हसलो. पहिल्यांदा, या महिन्यात.

मग मांडीवर घेऊन खडूने लिहू लागला. जीभ दातात धरून. एक अक्षर, थांब, दुसरं. पाटी आमच्याकडे वळवली: पेटवा. मात्रा 'प'च्या पुढे जाऊन एकटीच पडली होती. सरांचा हात दुरुस्तीला पुढे आला आणि मागे गेला.

सुभेदारांनी बंडल काढलं. संपलेलं नव्हतंच. एक काडी, बाकीचे त्याच्यावरून. चौथा बाबूने मागून घेतला, पेटवला नाही. बोटांत धरून बसला. राख पडेपर्यंत कोणी बोललं नाही. कोणाची आधी पडली ते बघितलंही नाही कोणी. चांगला धूर होता. असं लिहायची लाज वाटते, पण होता.

मग बाबू म्हणाला, "हितं बरंय. तुमी गप, मी बी गप. पन लिलावाला, यार्डात?"
तोच पुढे म्हणाला, "एकवीसला रविवार हाय, बाजार हाय. मी एक ढीग पुकारनार. मग ठरवीन जायाचं का न्हाई."
डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका सांगितलंय, मी म्हटलं.
"संपादक, तुमच्या पेपरात छापा त्ये."

त्याला थांबवणार कोण. वहिनींना वाटतं, एकदा पुकारू दे, आवाज फुटत नाही हे त्याचं त्यालाच कळेल, मग येईल मुकाट्याने. पटलं मला.

बुधवार, १७ फेब्रु.
सुभेदारांचं डोकं. म्हणाले, यार्डात तो कोलाहल, त्यात आपला माणूस ढिगावर उभा राहून खरखरणार आणि कोणी वळूनही बघणार नाही. हे मला बघवणार नाही. आपण आधी सांगून ठेवू.

गेलो दोघे. खरेदीदार, अडते, हमाल, टेम्पोवाले, सगळ्यांना हात जोडून सांगितलं: रविवारी बाबू पुकारेल तेवढा वेळ गप्प राहा, गाड्या बंद ठेवा. कोणी नाही म्हटलं नाही. एक जुना व्यापारी, ज्याच्याशी बाबूची दर बाजाराला खडाजंगी, तो म्हणाला, "आमी तर त्याच्या शिव्या ऐकाय येतो राव." आणि तोंड फिरवलं.

परतताना सुभेदार हलके वाटले. मीही. 

रविवार, २१ फेब्रु.
क्रमाने लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

साडेदहा. बाबू धुतलेल्या टोपीत. ढिगावर चढताना आधार घेतला नाही. त्याने हात वर केला आणि यार्ड थांबलं. टेम्पोची इंजिनं बंद. हमालांनी गोणी खांद्यावरून उतरवून ठेवल्या. इतका शांत बाजार मी पाहिलेला नाही. वरून कावळा ओरडला तर दोघांनी वर बघितलं.

बाबू पुकारू लागला. दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला जेमतेम ऐकू येत होतं. पण येत होतं. खरेदीदार एकेक पाऊल पुढे सरकत गेले, शेवटी ढिगाभोवती कडं झालं. बोली चढली, नेहमीपेक्षा जास्त. कोणी घासाघीस केली नाही. "एक वार, दोन वार, तीन वार" त्याने ओठांनीच म्हटलं. ढीग तुटला. त्या जुन्या व्यापाऱ्याने घेतला.

खाली उतरला तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका खूश.
"बघितलं का संपादक? समद्यांनी ऐकलं. मानसं गप ऱ्हायली तर हाय तेवढा आवाज पुरतोय मला. मग कापायचं कशाला?"

सुभेदार मान खाली घालून उभे. आवाज फुटत नाही हे त्याचं त्यालाच कळेल, हे वहिनींचं म्हणणं, ज्याला मी आठ दिवसांपूर्वी मान डोलावली, ते मला तेव्हा आठवलं.

"सुमन, पिशवी मोकळी कर. उद्या कुटं बी जायाचं न्हाई."
वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं एव्हाना कळलं होतं, आम्ही दोघांनी काय करून ठेवलं ते.

दुपारी बराखीमागे तिघेच. बंडल तिथेच होतं, हात कोणी लावला नाही. सर म्हणाले, सांगायलाच हवं. सुभेदार म्हणाले, सांगितलं तर आजचा दिवस त्याच्याकडून काढून घ्यायचा, आणि तो आम्हीच दिलेला. दोघांचंही खरं. सुभेदारांनी विचारलं, सांगणार कोण? सरांनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी पाचला हॉस्पिटलला फोन केला. खाट उद्या बारापर्यंत ठेवतील, पुढे नाही. जीप सुभेदारांच्या पुतण्याची, सकाळी सहाला बाबूच्या दारात लागेल. वहिनींनी पिशवी मोकळी केलेली नाही, दारामागे ठेवली आहे.

उद्या पहाटे साडेपाचला जाईन मी. यार्ड आपणहून गप्प बसलं नाही, आम्ही हात जोडले म्हणून बसलं, एवढंच सांगायचं आहे. ऐकून तो जीपमध्ये बसेल, की आम्हाला दारातूनच परत पाठवून यार्डाकडे चालू लागेल, मला सांगता येत नाही. गुरुवारी पुन्हा बाजार आहे.