पहिला फटका घरच्याचा

दि. ३ जुलै

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी ठकू शाळेतून आली की माझ्या दुकानात बसून काजं-बटणं करते. हात सुरेख आहे तिचा, जिभेचं मात्र विचारू नकोस.

गादीवाल्याचा चौदा वर्षांचा पोरगा पिऊन गच्चीवरून पडला नि गेला, हे तुला कळवलं होतं. त्यानंतर आम्ही गल्लीतल्या आईबापांनी समिती केली, अध्यक्ष मी. शाळेमागचा दुकानदार पोरांच्या दप्तरात बाटल्या घालून देतो, हे पोलिसांना चारदा सांगून झालं. शेवटी परवा आम्हीच गेलो. शटर वाकवलं, खोकी रस्त्यावर आणून फोडली. तो आडवा आला तेव्हा गादीवाल्याने त्याला कॉलर धरून काचांवरून फरफटत नेलं. मी माझा कापड मोजायचा सागवानी गज त्याच्या खांद्यात घातला. कळवळला मेला. खोटं कशाला बोलू, भाऊ, मला बरं वाटलं.

आता नियम असा, की जे पोर पिऊन सापडेल त्याला भर चौकात मार. आणि पहिला फटका घरच्या माणसानेच द्यायचा, म्हणजे कोणी आपल्या लेकराला पाठीशी घालणार नाही. नियम माझ्याच डोक्यातला. पण ठकू तुझी लेक, म्हणून विचारते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र कारखान्यात लेथपाशी उभ्या उभ्या वाचलं नि हसत सुटलो. तुझा हात मला काय नवा आहे? सायकलची हवा काढली म्हणून पंपाने माझा दात पाडलास, ती फट अजून तशीच आहे. त्या दुकानदाराला म्हणावं, खांद्यावर निभावलं!

परवानगी कसली मागतेस? तिची आई गेल्यापासून ठकू हाताबाहेर गेली. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून तिला खांद्यावर टाकून आणावं लागलं, तेव्हा पंधराची होती. पुन्हा शिवणार नाही, अशी माझ्या गळ्याची शपथ घेतलीय तिने. माझा शपथेवर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. सापडली तर पाठ सोलून काढ, मी शब्दाने विचारणार नाही.

तिचं पत्र आलं होतं. ओळखीचा एक लहान मुलगा चोरून पितो, त्याच्या घरी सांगू का, असं विचारत होती. मी कळवलं, चहाड्या करायच्या नाहीत, तू आपलं सांभाळ. बरोबर केलं ना?

गुडघ्याला जप. लोभ आहेच, रागावलीस तरी असू दे.
तुझा भाऊ

दि. २ ऑगस्ट

चि. भाऊस,
आशीर्वाद. अक्षर सांभाळून घे.

रविवारी चार वाजता ठकू चौकात आली. केस सुटलेले, कपड्यांवर ओकारी, दारूचा भपकारा आणि चालताना झोकांड्या. न्हाव्याने शिट्टी वाजवली, सगळे दारात आले. प्यायलीस का, विचारलं, तर नाही म्हणाली. कुठून आलीस, कोणासोबत होतीस, विचारलं, तर गप्प. कोणीतरी ओरडलं, अध्यक्षबाई, पहिला फटका घरच्याचा. माझ्या डोक्यात तुझी शपथ आणि सगळ्यांचे डोळे. मी गज पाठीत घातला. दुसऱ्या वेळी ती वळली आणि तो डाव्या कानशिलावर बसला. मग बेकरीवाल्याने पट्ट्याने सोलली. न्हाव्याच्या बायकोने केस धरून ओढलं, तशी ती पायरीवर आदळली आणि मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, भाऊ. तरी पोरगी तोंडातून नाव काढेना.

तेवढ्यात चावीवाल्याचा तेरा वर्षांचा पोरगा भिंत धरत आला नि रडत सगळं ओकला. प्यायला होता तो. नाल्यात तोंडावर पडला होता. ठकूने त्याला ओढून बाहेर काढलं, घशात बोटं घालून उलटी करवली, कुशीवर निजवलं आणि तो डोळे उघडून बोलायला लागल्यावर दमून घरी येत होती. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर पोरगा गेला असता. आणि तिचं नुसतं तोंड हुंगून पाहण्याची अक्कल आमच्यातल्या एकालाही झाली नाही!

काल बैठकीत कोणी म्हणालं, नियम तो नियम, आता चावीवाल्याने लेकाला मारावं. त्याने माझाच गज उचलला. ठकू प्लास्टरचा हात पुढे करून पोराच्या आड उभी राहिली. मी गज हिसकावला आणि उंबऱ्यावर आपटला. सागवान ते, तीनदा आपटावं लागलं.

माझ्याकडे बघत नाही रे ती. मी बोलायला लागले की तोंड फिरवून बसते. ये, मला चार लाथा घाल आणि तिला घेऊन जा.

माया ठेव म्हणायला तोंड नाही.
ताई

दि. ९ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. मला न्यायला येऊ नका. दुकानात आता शाळा सुटल्यावर अकरा मुलं बसतात, समितीतलं कोणीतरी आळीपाळीने त्यांच्यासोबत असतं. चावीवाल्याचा पोरगा माझ्याकडून गणितं करून घेतो. लबाड आहे.

तुमची शपथ मी मोडली नाही. चहाड्या करू नको म्हणालात, म्हणून नावही सांगितलं नाही. पाठ सोलून काढ हे तुमचं पत्र मशीनच्या खणात सापडलं. तुमचा राग आला, खूप आला. अजून आहे.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. काल तपासणीला मी एकटीच गेले होते. डाव्या कानाने आता कधीच ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्याला कळू देऊ नका, ती मरून जाईल. ती बोलायला लागली की मी उजवा कान तिच्याकडे करून बसते. तिला वाटतं, मी रुसून तोंड फिरवते. वाटू दे.

पत्र पाठवत राहा, वाचायला कान लागत नाहीत.
तुमची ठकू