दिलेला तंबू परत कसा आणावा

टेकडीवरची चौकी, सिनाई

मामा, आधी आपल्या रीतीप्रमाणे तुमच्यापुढे मांडी घालून, मान खाली घालून तीन टाळ्या वाजवतो, मग लिहायला घेतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मी खुशाल आहे, म्हणजे महिनाअखेरपर्यंत तरी.

इथं सगळं तात्पुरतं आहे. सहा महिन्यांसाठी उभारलेली ही छावणी आता चौथं वर्ष काढते आहे. पक्कं काही बांधू नका, असा वरून हुकूम आहे. (म्हणून आपल्या फिजीच्या पोरांनी फक्त प्रार्थनागृह, रग्बीचं मैदान आणि कसाव्याचे वाफे एवढंच केलं आहे.) दर रविवारी प्रवचन मी देतो. गेल्या रविवारी दानावर बोललो. पाहुण्याच्या मनात भरलेली वस्तू जो घरात ठेवतो, तो माणूस नव्हे, कुलूप आहे, असं गरजलो. चाळीस जवान गहिवरले. तेवढ्यात शेजारच्या गोऱ्यांच्या छावणीतले कॅप्टन होल्मन जेवायला आले, आमच्या जेवणाच्या तंबूत वाऱ्याला बसले आणि म्हणाले, "काय सुंदर तंबू आहे तुमचा!"

एकदा म्हणाले असते तर ऐकून सोडलं असतं. तीनदा म्हणाले. चाळीस जोडी डोळे माझ्याकडे लागले. मी काय करणार होतो? खुंटे उपटले, तंबू गुंडाळला आणि त्यांच्या ट्रकवर चढवला. (बिचारे नको नको म्हणत होते. चांगला पाहुणा म्हणतोच.)

तेव्हापासून आम्ही वाळूसकट जेवतो. आचारी मताई रोज विचारतो, "सार्जंट, आज ताटात प्रवचनच वाढू का?" आमचे मेजर सावेनाका मुख्य तळावरून परतले आणि त्यांनी बजावलं : महिनाअखेर तंबू परत आला नाही, तर माझ्या फिती उतरवून मला गावी धाडणार.

दिलेलं तोंडानं परत मागणं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून मी होल्मनसाहेबांकडे गेलो आणि तंबूची स्तुती केली. पाऊण तास! असं आजवर व्यासपीठावरूनही बोललो नव्हतो. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी माझा हात धरून जोरात हलवला, "थँक यू" म्हणाले आणि माझं भाषण टाइप करून मेजरना पाठवलं.

मेजर म्हणाले, "तंबू आणायला गेला होतास की त्याचं लग्न लावायला?"

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अपेनिसा

ता. क. : मेजरचे वडील पलीकडच्याच गावात असतात. यांगोनाच्या मुळांची चांगली मोठी जुडी भेट घेऊन जा आणि माझ्या वतीनं माफी मागा. त्यांनी ती हातात घेतली की माफी झाली, मग मेजरना माझ्या फितींना हात लावता येणार नाही.

ता. क. दुसरा : मेजरना जरा खुलवावं म्हणून मी तुमच्या नव्या बोटीचं वर्णन केलं. थोडं लांबलं, तुम्ही माफी मागायला येणार हेही बोलून गेलो. त्यांनी ते वडिलांना कळवलं आहे. तुम्ही बोटीनंच येणार, म्हणून म्हातारे आत्तापासून किनाऱ्यावर येऊन बसतात. ते बोटीबद्दल काय बोलतील ते मला ठाऊक आहे. त्यावर आपण काय करायचं असतं, ते मला तुम्हीच शिकवलंत. येताना चालत यावं लागेल, गुडघ्याला तेल लावून निघा.